रुमालाखालचे महिने

माझ्या आजाराचं नाव आमच्या घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं. दूध घालायला येणाऱ्या बाईलासुद्धा ते माझ्याआधी माहीत होतं. सांगलीच्या हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या खुर्चीवर औषध घ्यायला माधवनगरच्या एक मावशी यायच्या. त्यांनी मला हे लिहायला लावलं. मी म्हटलं, मी बैलांचा दलाल, दहावीला दोनदा बसलेला, मी काय लिहिणार? त्या म्हणाल्या, बाजारात बोलता तसंच लिहा. तसं लिहिलं तर कुणी घरात ठेवणार नाही, म्हणून जरा सांभाळून लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आजारावरच्या पुस्तकांत माणूस शेवटी शहाणा होतो. माझ्या मुलाने मला तसली दोन-तीन आणून दिली होती. त्यांतला प्रत्येक जण आजारी पडल्यावर उगवता सूर्य बघायला लागतो. मी चाळीस वर्षं उजाडायच्या आत बाजार गाठत आलो, सूर्य मला पाठ आहे. आजाराने मला काय शिकवलं ते विचारलंत तर मला अजून नीट सांगता येत नाही. जे झालं, ते जसं आठवतं तसं सांगतो. कुठे गोंधळ वाटला तर तो माझाच आहे, तुमचा नाही.

डोळे

आमचं गाव कराडपासून अर्ध्या तासावर. मी आणि बिरा मिळून खिलार बैलांचे सौदे करायचो. बिरा मूळचा म्हसवडकडचा, धनगराच्या घरातला. घरची मेंढरं भावांवर सोपवून तो बैलांत आला. मेंढरांमागे चालून विशीतच गुडघे कुरकुरायला लागले, असं तो सांगतो. खरं कारण आळस. पण जनावर पारखावं तर त्यानेच. दात मीही बघतो, खूर मीही बघतो, पण बिरा जनावराभोवती एक चक्कर मारतो आणि ते किती वर्षं काम देईल ते सांगतो. त्याचा अंदाज चुकलेला मी फार कमी वेळा बघितला आहे.

माझा आजार पहिल्यांदा त्यानेच ओळखला. बाजारात चहा पिताना त्याने माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे फिरवलं, अंगठ्याने खालची पापणी ओढली आणि म्हणाला, "दत्तू, डोळं पिवळं झाल्यात गड्या."

कावीळ म्हटलं की आमच्याकडे आधी दवाखाना आठवत नाही, झाडपाल्याचं औषध देणारा माणूस आठवतो. मीही त्याच्याकडे गेलो. सकाळी उपाशीपोटी कडू रस, तेल-तिखट बंद, वर उसाचा रस. एकदा घेतलं, उतरली नाही, म्हणून दुसऱ्यांदा घेतलं, मग तिसऱ्यांदा. तीन आठवडे गेले. अंगाला अशी खाज सुटली की मी दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहायचो. माझी बायको शालन ते बघून पोट धरून हसायची. "आवं, दावं बांधू का?" म्हणायची. मीही हसायचो. आज त्या हसण्याचा तिला फार त्रास होतो.

मुलगा प्रमोद साताऱ्यात शाळेवर शिक्षक आहे. तो रविवारी घरी आला, मला बघितलं आणि आम्हा दोघांवर इतका ओरडला की शेजारी दारात आले. दुसऱ्याच दिवशी त्याने मला कराडला नेलं. तिथे पोटाचा फोटो काढला, मग आणखी एक मोठा फोटो काढला, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगलीची चिठ्ठी दिली. कावीळ झाली तर रस पिणाऱ्यांनी खुशाल प्यावा, पण आधी रक्त तपासून घ्यावं. एवढा एक शहाणपणा माझ्याकडून घ्या, बाकीचं पुढचं पुढे.

बाहेर बसा

सांगलीच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलापेक्षा लहान. त्यांनी माझं पोट दाबलं, जीभ बघितली, फोटो उजेडाकडे धरले. स्वादुपिंडाच्या डोक्याजवळ गाठ दिसते आहे, म्हणाल्या. स्वादुपिंड नावाची वस्तू माझ्या पोटात आहे आणि तिला डोकंही आहे, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. मी विचारलं, गाठ कसली? त्यावर त्यांनी प्रमोदकडे बघितलं. प्रमोद म्हणाला, "आण्णा, तुम्ही जरा बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. दाराला काच होती. आत त्या बोलत होत्या आणि प्रमोद मान हलवत होता. मधेच त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाजारात सौदा होतो तेव्हा बैल बाजूला उभा असतो, त्याला कुणी काही विचारत नाही. त्या बाकावर मला पहिल्यांदा बैलाची बाजू कळली.

तो बाहेर आला तेव्हा चेहरा धुतलेला होता. "काय म्हणाल्या?" तर म्हणे, "काही नाही, नळी टाकायची, कावीळ उतरेल." परत येताना इस्लामपूरला त्याने स्वतःहून गाडी थांबवली. चहा, भजी, मग आणखी काही घेता का, असं तीनदा विचारलं. मी तंबाखू मळली तर काही बोलला नाही. हा मुलगा पंधरा वर्षं माझी तंबाखू सोडवायच्या मागे होता. बाजारात विकणारा माणूस जनावराला फार कुरवाळायला लागला की आम्ही लगेच सावध होतो, कुठेतरी खोट आहे समजतो. मी भजी खाल्ली, पण काय खातोय ते मला कळत नव्हतं.

बरा झालो आणि सगळे रडायला लागले

यानंतर जे सुरू झालं त्याचा मला आजही उलगडा होत नाही. नळी टाकल्यावर कावीळ उतरली. डोळे पांढरे झाले, खाज गेली, भूक लागायला लागली. मी माझ्या पायांनी चालत घरी आलो, अर्धी भाकरी खाल्ली. मला वाटलं, सुटलो. आणि घरात बघतो तर शालन चुलीकडे तोंड करून डोळे पुसते आहे. बहीण पुण्याहून आली, माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. सून मला पाणी देताना वाकून नमस्कार करून गेली, त्या दिवशी कसलाही सण नव्हता.

मी बरा होतो तेव्हा माझ्यावर औषध सुरू केलं आणि त्या औषधाने मी आजारी पडलो. तोंड आलं, केस गेले, हातापायाला मुंग्या यायला लागल्या, थंड पाणी घशाला टोचायला लागलं. "हे कशाचं?" विचारलं तर "औषधाचं." "मग औषध कशाचं?" "नळी टाकलीय ना, तिचं." नळी प्लंबरसुद्धा टाकतो, पण पाइपाला सलाईन लावून बसत नाही. इतकं मला समजत होतं. त्यापुढचं समजत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काही दिवस समजून घ्यायचंही नव्हतं. सकाळी वाटायचं, विचारू या. प्रमोदची गाडी दारात दिसली की वाटायचं, नको. भीती वाटते आहे की राग येतो आहे हेही मला ओळखता येत नव्हतं.

आमची पंधरवड्याची फेरी ठरून गेली. प्रमोद साताऱ्याहून येऊन मला घ्यायचा. शालन दहीभाताचा डबा द्यायची. सांगलीत आधी वजन, मग रक्त, मग रिपोर्ट येईपर्यंत वाट बघायची. कधी पांढऱ्या पेशी कमी निघायच्या आणि "पुढच्या आठवड्यात या" सांगून परत पाठवायचे. तशा दिवशी मी न विकलेलं जनावर घेऊन बाजारातून परत निघाल्यासारखा गाडीत बसायचो. पेशी बऱ्या असल्या की खुर्ची मिळायची. तिथल्या एक सिस्टर मिरजेच्या होत्या. शीर सापडली नाही तर त्या सुई खाली ठेवायच्या, माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन गरम करायच्या आणि मग टोचायच्या. आईनंतर माझा हात असा कुणी धरला नव्हता. मला त्याचं फार बरं वाटायचं आणि लाजही वाटायची.

शेजारच्या खुर्चीवर माधवनगरच्या मावशी. पूर्वी त्यांचे यजमान तिथल्या गिरणीत होते, त्या स्वतः शिवणकाम करायच्या. त्यांची फाइल त्यांच्याच मांडीवर असायची आणि प्रत्येक कागदावर काय लिहिलंय ते त्यांना माहीत होतं. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुमचं कुठवर गेलंय?" मी म्हटलं, "काय कुठवर गेलंय?" त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, अर्धं मला दिलं. मग बराच वेळ आम्ही दोघे टांगलेल्या बाटलीकडे बघत बसलो. मावशी हे वाचणार आहेत म्हणून लिहितो, त्या दिवशी तुम्ही काही बोलला नाहीत त्याचा मला राग आला होता. आता नाही.

पुणे

तिसऱ्या महिन्यात पुन्हा पोटाचा फोटो काढला. प्रमोद पुन्हा आत, मी पुन्हा बाहेर. घरी आल्यावर त्याने सांगितलं की आता पुण्याला जायचं. तिथे मोठं हॉस्पिटल आहे, नवीन औषध आहे, आत्याच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या घरी राहायचं, चार-सहा महिने लागतील. शालनने मान डोलावली, म्हणजे त्यांचं आधीच ठरलं होतं.

मी म्हटलं, "मला बरं वाटतंय की. फरक पडतोय म्हणता. मग पुणं कशाला?"

"आणखी फरक पडायला," तो म्हणाला.

आता माझी अडचण सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. चाळीस वर्षं मी जत्रा आणि बाजार करत फिरलो. आठवड्यातले चार दिवस बाहेर. शालनच्या हातचं गरम जेवण मी सलग पंधरा दिवस कधी जेवलो नव्हतो. आजारपणात पहिल्यांदा मला कळलं की ती भाकरी थापताना स्वतःशी बोलते, आणि दुपारी ओट्यावर बसून रेडिओची बॅटरी उन्हात ठेवते, का तर तिला वाटतं ती त्याने भरते. मला हे बघायला आवडायला लागलं होतं. माझ्याकडे वर्षं असतील तर पुण्याचे सहा महिने काहीच नाहीत, जाऊन यावं. पण सहाच महिने असतील तर ते बहिणीच्या बंद फ्लॅटमध्ये उलट्या करत मी का घालवू? किती आहेत ते कळल्याशिवाय कुठे घालवायचे ते मी कसं ठरवणार? एवढा एक साधा हिशेब होता आणि त्यातला एकच आकडा माझ्यापासून लपवला होता.

मी शालनला विचारलं. ती म्हणाली, "आवं, कायबी मनात आणू नगासा. जेवा दोन घास." प्रमोदला विचारलं. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाल्यात, पेशंटने पॉझिटिव्ह राहायचं." मी ताट सरकवलं. आमटी सुनेच्या साडीवर सांडली. त्या पोरीची काही चूक नव्हती. मी दोन दिवस तिच्याकडे बघू शकलो नाही आणि माफीही मागितली नाही. ती इथे मागतो.

बिरा

या सगळ्या काळात बिरा आला नव्हता. फोन केला तर बाजारात आहे म्हणायचा, मागे त्याच्या घरचा कोंबडा आरवत असायचा. चाळीस वर्षांचा जोडीदार असा तोंड चुकवतो हे मला आजारापेक्षा जास्त लागलं. शेवटी मी निरोप धाडला की आला नाहीस तर तुझ्या दारात येऊन बसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. ओट्यावर माझ्याशेजारी बसला आणि पंधरा मिनिटं शर्यतीच्या बैलांविषयी बोलत राहिला.

मी म्हटलं, "बिरा, मला काय झालंय?"

आत शालनची चाहूल घेऊन तो हळूच म्हणाला, "वयनीनं मला बिरोबाची आण घातलीया. तोंडातनं एक शबूद काडायचा न्हाई म्हनून. मी काडनार न्हाई दत्तू. मागू नगंस."

बिरा बिरोबाची आण मोडेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. पण तो उठून गेला नाही, हे माझ्या लक्षात आलं. जायचं असतं तर गेला असता.

ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाचा भाव आम्ही बाजारात तोंडाने बोलत नाही. चार माणसं ऐकतात, सौदा बिघडतो. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि खाली बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, तीन बोटं म्हणजे तीन, सगळा पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार ते आधी मोठ्याने बोलून घ्यायचं, बाकी सगळं हाताने. समोरचा बोटं दाबतो, आपण मान हलवतो, आपली बोटं त्याच्या हातात देतो, तो पुन्हा दाबतो. जमलं की रुमाल काढून हातावर हात मारायचा. टाळी दिली की सौदा पक्का, मग देवही तो फिरवत नाही. आता पोरं मोबाइलवर फोटो पाठवून भाव करतात. पण आम्ही दोघांनी सगळं आयुष्य रुमालाखाली काढलं.

मी खांद्यावरचा रुमाल काढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. बिराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "महिने."

त्याने हात मागे घेतला नाही. बराच वेळ त्याची बोटं माझ्या तळव्यावर नुसती पडून होती, थंडगार. समोर रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, तिच्यामागची धूळ बसली. मग त्याने माझी तीन बोटं धरली आणि दाबली.

तीन.

मी याला आता काय म्हणावं? मूर्खपणा म्हणा, सवय म्हणा. मी आकडा ऐकायला बसलो होतो. ऐकून घ्यायचा, उठायचं, पुण्याचं काय ते ठरवायचं. पण रुमालाखाली समोरच्याने तीन म्हटलं की माझा हात चाळीस वर्षं जे करत आला तेच त्याने केलं. मी मान हलवली आणि त्याच्या हातावर पंजा आणि वर एक बोट दाबलं. सहा.

बिराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. माझी चूक मला कळली होती, पण हात मागे घ्यायचं सुचत नव्हतं. तो खाली बघत राहिला आणि मग चार बोटं दाबली. मी पुन्हा मान हलवली. सहा. आता त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता, कारण एक हात रुमालाखाली होता आणि दुसऱ्याने त्याने माझा खांदा धरला होता. त्याने सगळा पंजा दाबला. पाच.

मी रुमाल काढला आणि त्याच्या हातावर टाळी दिली. आवाज ऐकून शालन बाहेर आली. "काय झालं?" तिने विचारलं. आम्ही दोघे म्हातारे रडत होतो, आणि देवाची शप्पथ, हसतही होतो. बिरा म्हणाला, "कायबी न्हाई वयनी. मी कायबी बोललो न्हाई." आणि चपला घालून गेला.

कुणाच्या बाजूचा

तो गेला आणि मी ओट्यावर डोकं धरून बसलो. चाळीस वर्षांत मी इतका वाईट सौदा केला नव्हता. जे विचारायला बसलो होतो तेच मी माझ्या हाताने घालवलं होतं. तीन खरे, की चार, की पाच? दलाल पहिला आकडा कधीच खरा सांगत नाही. बैल घेणाऱ्याच्या बाजूचा असेल तर कमी सांगतो, विकणाऱ्याच्या बाजूचा असेल तर जास्त. मग या सौद्यात बिरा कुणाच्या बाजूचा होता? मी जास्त मागणारा, म्हणजे विकणाऱ्यासारखा; माझ्या बाजूचा असेल तर तीन हे जास्तच सांगितलेले. समोरच्याच्या बाजूचा असेल तर अजून वर जायला जागा होती. आणि समोरचा म्हणजे कोण? मी असा विचार करत राहिलो आणि आणखीच गुंतत गेलो.

पण एक झालं होतं. सगळे आकडे महिन्यांचे होते. बिराने "वर्षं म्हण" असं खुणेनेही सुचवलं नव्हतं. तेवढं माझ्या प्रश्नाला पुरेसं होतं. मी उठून आत गेलो आणि शालनला सांगितलं, मी पुण्याला जाणार नाही. ती पीठ मळत होती. हात तसेच परातीत ठेवून तिने विचारलं, "कुनी सांगितलं?" मी म्हटलं, "कुणी सांगितलं नाही. मला माहीत आहे." ती खाली बसली. मग तिने पिठाच्या हातांनी माझं तोंड धरलं आणि इतके दिवस चुलीकडे तोंड करून रडली होती ते सगळं माझ्यासमोर रडली. "एकटीला लय जड झालं हुतं," म्हणाली. तीन महिने मी स्वतःला एकटा समजत होतो. ती माझ्यापेक्षा जास्त एकटी होती, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

प्रमोद चिडला. बिराकाकाचं नाव काढून वाटेल ते बोलला. मी बोलू दिलं. दोन दिवसांनी तो आणि शालन, दोघांना घेऊन मी सांगलीला गेलो आणि डॉक्टरीणबाईंच्या समोरच्या खुर्चीत स्वतः बसलो. म्हटलं, बाई, आज मला सांगा, हे दोघे ऐकतील.

बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. त्यांनी आजाराचं नाव घेतलं. हा बरा होणारा नाही, म्हणाल्या. औषधाने तो काही काळ थोपवता येईल. पुण्याच्या औषधाने थोडा जास्त वेळ मिळेल, किंवा नुसता त्रास मिळेल, त्या खात्री देऊ शकत नव्हत्या. घरी राहायचं असेल तर दुखणं कमी ठेवायची जबाबदारी त्यांची. मी विचारलं, किती महिने? त्या म्हणाल्या, "मी खोटं सांगणार नाही. मला माहीत नाही. आकडा मी कुणालाच सांगितलेला नाही."

मी प्रमोदकडे बघितलं. त्याने मान हलवली. शालनकडे बघितलं. ती म्हणाली, "आमाला बी न्हाई सांगितलं."

तिथून पुढे ते दोघे माझ्याशी माझ्याविषयी बोलायला लागले. फाइल माझ्याकडे आली. ती इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही, तरी ती मांडीवर असली की बरं वाटतं. तुमच्या घरात कुणी असं असेल तर त्याच्यापासून लपवू नका, असं मी म्हणणार होतो. पण शालनचं त्या दिवशीचं तोंड आठवलं की वाटतं, तिने दुसरं काय करायला हवं होतं? लपवू नका, एवढं तरी म्हणतो. त्यामागे माया असते हेही मला कळलं आहे.

बाकीचं

मी घरीच आहे. सांगलीची हलकी औषधं चालू आहेत. टाळी दिली त्याला आता पाचवा महिना लागला आहे. वजन फार उतरलंय, पेन धरला की बोटं बधिर होतात, म्हणून थांबून थांबून लिहितो. कधी वाटतं, आणखी पुष्कळ दिवस जगेन. कधी वाटतं, आजचा दिवसही फार लांब आहे. मनाचं एक काही ठरत नाही. शालन दुपारी शेजारी बसते, माझा पाय मांडीवर घेऊन तेल चोळते आणि मी आयुष्यभर बाहेर काय केलं ते विचारते. मी सांगतो, थोडं खोटंही सांगतो.

बिरा आता रोज येतो. एक प्रश्न माझ्या पोटात राहून गेला होता, तो मी परवा त्याला विचारला. म्हटलं, डॉक्टरांनी कुणालाच आकडा सांगितला नव्हता, मग तू तीन कुठून आणलेस?

तो म्हणाला, "तुज्याकडं बघून."

जनावराभोवती एक चक्कर मारून तो सांगायचा, तसंच. मी विचारलं, "मग पाचावर का आलास?"

"तू मागितलंस म्हनून."

चाळीस वर्षांत बिराने कुणाला मागितलं म्हणून काही वाढवून दिलेलं मी बघितलं नव्हतं. मला हसू आलं. मी म्हटलं, मी सहा मागत होतो, मग सहा का नाही दिलेस?

बिराने माझ्याकडे बघितलं, आणि रागाने म्हणाला, "दिलं असतं की. सहा दिलं असतं, धा दिलं असतं. मी देतच हुतो गड्या. तूच टाळी दिलीस."